घरचे सँपल

५ जून
आजपासून रोजनिशी. संशोधकाची रोजनिशी आणि डोके दोन्ही कायम उघडे हवे. एम.ए. क्रिमिनॉलॉजीचे हे शेवटचे वर्ष. मागचेही शेवटचेच होते, पण डिझर्टेशन राहिले. यंदा राहणार नाही. विषय पक्का: 'तुरुंगातून सुटलेल्या व्यक्तींचे समाजातील पुनर्वसन'. तीस इंटरव्ह्यू घ्यायचे. सप्टेंबरात लिखाण, डिसेंबरपर्यंत त्याचे पुस्तक. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

६ जून
आठ वाजता उठलो. पाचला गजर झाला होता, असे आईचे म्हणणे.

१२ जून
कॉलेजच्या बोर्डावर नोटीस लावली. 'तुरुंगातून सुटलेल्या व्यक्तींनी कृपया संपर्क साधावा. संपूर्ण गोपनीयता.' खाली माझे नाव, नंबर आणि ओळख पटावी म्हणून फोटो. दोन फोन आले. एक विमा विकणाऱ्याचा. दुसरा प्रिन्सिपलचा. माझाच फोटो बघून त्यांना काही पालकांनी विचारले म्हणे. नोटीस काढली.

१५ जून
तीस हा आकडा तसा बाळबोधच. दहा पुरे. खोलवर जाणे महत्त्वाचे.

१६ जून
भाग्य उजळले! मामा सुटला!
(मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. कापडाच्या गोदामावर स्टोअरकीपर होता. मागच्या दाराने गाठी विकल्या, पकडला गेला, तीन वर्षे आत होता. बाहेर आम्ही 'तो लांब बदलीवर आहे' असे सांगत आलो.) आता आमच्याकडेच राहणार, माझ्याच खोलीत! लोक सँपल शोधत उन्हातान्हात वणवण फिरतात, माझे सँपल माझ्या शेजारच्या कॉटवर घोरणार.
बाबा पेपर वाचता वाचता म्हणाले, "मेहुणा तीन वर्षांत सुटला. चिरंजीव, तुमची एम.ए.ची शिक्षा किती वर्षांची आहे?" आई हसली. मामाही हसला. मी दुर्लक्ष केले.

१७ जून
निरीक्षण सुरू. मामा अंधार असतानाच उठतो, अंथरुणाची चौकोनी घडी घालतो आणि दाराशी जाऊन उभा राहतो. आज दार सताड उघडे होते तरी उभाच. आई म्हणाली, अरे जा की, कोण अडवतंय तुला? तेव्हा गेला. अप्रतिम डेटा! लगेच टिपून घेतला. आई मात्र स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी होती. भांडी वगैरे काही नव्हती.

२० जून
मामाकडे इंटरव्ह्यूचा विषय काढला. म्हणाला, "भाचेबुवा, मी आत्ता कुठे त्यातनं बाहेर आलोय. परत आत कशाला नेतोस? आधी कामाचं बघू दे." मी समजून घेतले. असा नकार देणे हे विश्वास बसू लागल्याचे पहिले लक्षण असते. पुस्तकात कुठेतरी आहे. शोधले पाहिजे.

२ जुलै
मामाला काम लागले! बाजाराच्या मागच्या गल्लीत सोफा दुरुस्तीचे दुकान आहे, तिथे. आत असताना तो हे काम शिकला होता. मालकाला मात्र 'बाहेरगावी शिकलो' एवढेच सांगितले. मालकाने एक खुर्ची भरून घेतली, हात बघितला आणि उद्यापासून ये म्हणाला. आईने गोड केले. डबा भरताना ती गुणगुणत होती. तिला गाता येते हे मी विसरलोच होतो.
माझे अजून पाचला उठणे होत नाही. पण मामा उठतो, त्यामुळे घराची सरासरी चांगली आहे.

८ जुलै
गाइड मॅडमना भेटलो. त्यांनी विचारले, दहापैकी किती लोक मिळाले? मी म्हणालो, एक पक्का आहे, पण अतिशय सखोल. त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की त्या रागावलेल्या असतात. त्यांनी बजावले, कामाच्या ठिकाणी निरीक्षण करायचे असेल तर आधी त्या माणसाची संमती घे, तो हो म्हणाला तरच मालकाची परवानगी. त्याशिवाय कमिटी कागद पुढे सरकवणार नाही.
दोन्ही लिहून घेतले. मामाची संमती घरचीच आहे, केव्हाही मिळेल. परवानगीचे काम अवघड, म्हणून तेच आधी.

१० जुलै
गेलो! मुद्दाम मामा डिलिव्हरीला गेलेला असताना. मालक भला माणूस. तोंडात चुका धरून काम करतात. (सोफ्याला मारायच्या. बारीक खिळे.) मी डिझर्टेशनचे पूर्ण नाव सांगितले. त्यांना पहिल्यांदा कळले नाही. मग सोपे करून सांगितले, की तुमच्याकडचा नवीन कारागीर नुकताच तुरुंगातून सुटला असून त्याच्यावर मी अभ्यास करतोय. तेव्हा कळले. त्यांनी तोंडातल्या चुका एकेक करून हातावर काढल्या आणि कशाबद्दल आत होता ते विचारले. संशोधकाने खोटे बोलू नये. सांगितले. म्हणाले, बरं झालं सांगितलंत. चहा पाजला. परवानगीच्या कागदावर सही दिली.
घरी येताना शीळ घालत आलो. कमिटीचा अर्धा किल्ला सर!

१३ जुलै
मामा संध्याकाळी गप्प होता. विचारले तर म्हणाला, "पाठ धरलीये." फोमच्या गाद्या उचलून धरली असेल. 'शारीरिक श्रम' या सदरात नोंद केली.

१७ जुलै
आज प्रत्यक्ष फील्डवर्क. मामा डबा घेऊन निघाला, मी मागोमाग. बाजाराची गल्ली मागे पडली तरी वळला नाही. पुढे पोस्टाजवळच्या बागेत शिरला आणि बाकावर बसला. मी झाडामागे. तासभर मामाने काही केले नाही. मग झाडाकडे न बघताच म्हणाला, "मुंग्या चावतील तिथे. ये इकडे."
गेलो. त्याने डबा उघडून अर्धा मला दिला. म्हणाला, मालकाकडे सध्या काम नाही. बोलावतो म्हणालेत. "ताईला सांगू नकोस हं. उगीच जिवाला लावून घेईल." चार दिवस झाले, तो रोज दाढी करून डबा घेऊन इथे येऊन बसतो.
मामाने मला गुपित सांगितले! अखेर विश्वास बसला. जेवण छान होते. तरी मला जरा जास्तच झाले.

१८ जुलै
मामाला मदत करायची म्हणून मालकाला विचारायला गेलो, काम पुन्हा कधी सुरू होणार? दुकानात चार सोफे उलटे पडलेले, एक नवा मुलगा रेक्झिन कापत होता. मालकाने मला खुर्ची दिली. म्हणाले, "तुमचे उपकार आहेत हो माझ्यावर. तुम्ही सांगितलं नसतं तर मी दुकानाची किल्लीच देणार होतो त्याला."
किल्लीच देणार होतो.
घरी आलो. पुस्तक उघडले. मिटले.

१९ जुलै
शांतपणे विचार केला. यात माझी चूक दिसत नाही. मॅडमनी परवानगी घ्यायला सांगितले. मी घेतली. मालकाने प्रश्न विचारला. मी उत्तर दिले. मामाने काम धरताना पूर्वीची हकिगत लपवली होती, हेही विसरता कामा नये. एकंदर दोष व्यवस्थेचा आहे. 'कलंक आणि रोजगार' असे स्वतंत्र प्रकरण घालावे लागेल.
जेवायला वाढताना आई मामाला म्हणाली, दमलास ना रे, लवकर झोप. मामा हो म्हणाला. मला ठसका लागला.

२३ जुलै
सगळे निस्तरणार. ज्ञान वापरायचे ते अशाच वेळी. मालकाचा गैरसमज आकडेवारीने दूर करायचा. लॅपटॉप, बारा स्लाइड, रंगीत आलेख. ज्यांना सुटल्यावर काम मिळते त्यांच्यापैकी फारच थोडे पुन्हा गुन्ह्याकडे वळतात, असे दाखवायचे. कोणाही सुज्ञ माणसाचे मन वळेल. तयारी चोख आहे.

२४ जुलै
मालकाने सगळ्या स्लाइड बघितल्या. शेजारचा काचवाला आणि समोरचा कुलूपवालाही येऊन बसले. मी रंगात आलो होतो. शेवटी मालकाने एकच विचारले, "फारच थोडे म्हणजे, आहेत ना पण?"
मी म्हणालो, शास्त्रात शून्य नसते.
काचवाला आणि कुलूपवाला एकमेकांकडे बघून उठले. आता अख्ख्या गल्लीला माहीत झाले आहे. कुलूपवाल्याने माझे कार्ड मागून घेतले.

२७ जुलै
आईला कळले. गल्लीत काहीतरी घ्यायला गेली होती, मालकाने हाक मारून सांगितले की तुमचा मुलगा फार प्रामाणिक आहे. घरी आली ती चपलांसकट माझ्या खोलीत. मामा नव्हता. मला वाटले ओरडेल, पण हळू आवाजात म्हणाली, "तीन वर्षं मी लोकांना बदली, बदली सांगत राहिले. तोंड दुखलं माझं. तू एका दिवसात सांगून आलास."
मी नीतिमत्तेचा मुद्दा मांडायला सुरुवात केली. ती माझ्या टेबलावरचा चहाचा कप उचलून निघून गेली. कप भरलेला होता.

३० जुलै
आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही. भाजी हवी का हेसुद्धा बाबांना विचारते: "त्याला विचारा, हवी का." आणि बाबा मला विचारतात. मी बाबांना हो म्हणतो.
मामा माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो. त्याला कळलेले दिसत नाही. की कळले आहे? विचारायचे धाडस, म्हणजे योग्य वेळ, अजून आली नाही.

४ ऑगस्ट
मामा चार ठिकाणी काम विचारून आला. एकीकडे तर अजून फाटकातच होता तेव्हा नाही म्हणाले. मी त्याला चांगला बायोडेटा करून देतो म्हणालो. त्याने हात जोडले. विनोदाने जोडले असावेत.

९ ऑगस्ट
मामा उद्या जाणार. आत असताना बरोबर असलेल्या कुणीतरी लांबच्या शहरातले एक वर्कशॉप सुचवले आहे, तिथे. आई बॅग भरते, रिकामी करते, पुन्हा भरते.
संध्याकाळी मामा आपणहून माझ्या कॉटवर येऊन बसला आणि म्हणाला, "काढ तुझे प्रश्न. नाहीतर नापास होशील परत."
मी नको म्हणायला हवे होते. हे मला तेव्हाही कळत होते, हे इथे नोंदवतो. पण कमिटीची तारीख जवळ आली आहे. संमतीच्या कागदावर सही घेऊन रेकॉर्डर लावला.
पहिला प्रश्न: गुन्ह्याकडे का वळलास? सोबत पाच पर्याय दिले: आर्थिक विवंचना, संगत, बालपण, व्यवस्थेवरचा राग, संधीची उपलब्धता. मामाने सगळे नीट ऐकून घेतले. म्हणाला, "हाव सुटली रे. दुसरं काय." मी म्हणालो, पर्यायात बसत नाही. तर म्हणाला, मग तुला कुठला सोयीचा पडेल तो लिही.
दुसरा, आत सर्वात अवघड काय गेले? म्हणाला, "ताई भेटायला यायची, आणि जायची."
सातवा प्रश्न छापलेला होता. यंत्रासारखा वाचत गेलो आणि वाचून झाल्यावर मला ऐकू आला. सुटल्यानंतर पुनर्वसनाच्या मार्गात सर्वात मोठा अडथळा कोणाचा आला?
मामा माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे. रागाने असते तर लिहिता आले असते. मी कागद चाळवू लागलो. मग त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "पुढचा विचार."
माझ्याच्याने पुढचा विचारवला नाही. म्हणालो, एवढेच होते. अजून अकरा होते.

१० ऑगस्ट
मामा गेला. स्टँडवर मला येऊ नको म्हणाला, उगाच सकाळी उठावे लागेल. मी जागाच होतो. डोळे मिटून पडलो होतो.

१९ ऑगस्ट
मॅडमनी कागद बघितले. संमतीची तारीख परवानगीनंतरची कशी, हे विचारले. मी सगळे सांगितले. म्हणजे बरेचसे. चष्मा काढला नाही, काढला असता तर बरे वाटले असते. जवळचा नातेवाईक आणि एकच माणूस, चालणार नाही म्हणाल्या. ती टेप पुसून टाक. नवीन विषय घे, माणसांशी संबंध नसलेला. लायब्ररीत बसून होईल असा.
टेप पुसली. 'गेल्या वीस वर्षांतील संशोधनाचा आढावा' असा विषय सुचवला आहे. यंदा होणे अवघड. पुढल्या वर्षी नक्की.

२ सप्टेंबर
मामाचा फोन आला. आईचा आवाज ऐकूनच कळले की बातमी चांगली आहे. काम लागले, खोलीही मिळाली. मालक खूश आहे. फोन ठेवून आई आपणहून माझ्याशी बोलली, इतक्या दिवसांनी. म्हणाली, तुझी आठवण काढत होता, नीट अभ्यास कर म्हणाला.
मला फार बरे वाटले. म्हणालो, पत्ता दे, मी त्याला लिहितो. सुट्टीत जाऊनही येईन.
आई म्हणाली, पत्ता तेवढा देऊ नको म्हणालाय.
मी विचारले, कोणाला?
तिने फोन उगाच सरळ करून ठेवला. मी पुन्हा विचारले. तेव्हा पदराला हात पुसत म्हणाली, "अरे, तिथल्या मालकाला माहीत नाहीये अजून."
आत बाबा पेपर वाचत होते. त्यांना सगळे ऐकू गेले होते. मी त्यांच्या एखाद्या वाक्याची वाट बघत दारात उभा राहिलो. त्यांनी पान उलटले.