सिद्धलिंगने निवडलेले लाइट मीटर

मी, गुरुपादप्पा सिद्रामप्पा बिडवे, वय एकसष्ट, धंदा फोटो स्टुडिओ, राहणार रेणापूर, जिल्हा लातूर (हात अजून उस्मानाबाद लिहायला जातो), लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. जगायची इच्छा उरलेली नाही, पण कायद्याला तिची गरज नसावी.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक पत्नी शरणम्मा हिची. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये.

२. स्टुडिओ, कॅमेरा आणि जुने लाइट मीटर पुतण्या विरूपाक्ष यास. हे मीटर लांबूनच वस्तूवरून परत येणारा उजेड मोजते. पांढऱ्या धोतराला मात्र फसते आणि माणूस काळा पडतो. "अप्पा, तोंडावर पडणारा उजेड मोजणारं घेऊ," असा हट्ट माझा मुलगा सिद्धलिंग याने धरला. नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांची कामे आली, म्हणून पुण्याहून ते दुसरे आणले. त्याला सेल लागत नाही. त्याची पांढरी अर्धगोल टोपी तोंडाजवळ धरायची, उजेड पडला की काटा हलतो.

३. मागच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या, मिळेल ते पाणी प्यालो. सिद्धलिंगला उलट्या-जुलाब लागले आणि तो गेला. आमच्यात मयताला बसवून, भस्म लावून फोटो काढतात. गावात दुसरा फोटोवाला नाही. मीच ते मीटर त्याच्या तोंडाजवळ धरले. शरणम्मा शेजारीच होती. म्हणाली, "अवं, काटा हलला की. दम हाय पोराला."

मी म्हणालो, "उजेडानं हलला."

खरे तेच बोललो. खरे बोलून काय मिळवले, देवाला ठाऊक. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. रोज सकाळी दारात बसून ते मीटर सिद्धलिंगच्या फोटोपुढे धरते. काटा हलतो.

४. मेहुणा मलप्पा स्वतःच्या बहिणीला येडी म्हणतो, मीटर फोडून टाका म्हणतो. तो माझ्या मातीला आला तर अंगणातच बसवावा. पाणीसुद्धा विचारू नये.

५. ते मीटर शरणम्माचेच. विरूपाक्षने मागू नये. मला बसवल्यावर त्याने माझा फोटो जुन्या मीटरने, उंबऱ्याबाहेरून काढावा. काळा पडलो तरी चालेल. पण शरणम्मा आपणहून उठून तिचे मीटर माझ्या तोंडाजवळ धरील, तर तिला अडवू नये. काटा हलला म्हणाली, तर सगळ्यांनी "हाव, हलला" म्हणावे.

ती उठलीच नाही, तर तिला बोलवायला जाऊ नये.

वरील मजकूर माझ्याच हातचा आहे. साक्षीदारांसमोर सही केली.

गुरुपादप्पा सिद्रामप्पा बिडवे

साक्षीदार:
१. किशनराव, शेजारी, किराणा दुकानदार
२. शेषेराव, निवृत्त शिक्षक

रेणापूर, ३ मे १९८७