फुल व्हॉल्यूमची चौथी

३ जानेवारी

आजपासून मी ग्रुपमध्ये. हिप हॉपच्या. त्यात गात नाहीत, समोरच्याला ठणकावून सुनावतात. म्हणजे मी बिनपगारी जन्मभर हेच करत आले.

झालं असं. माझ्या शिलाईच्या दुकानामागे खोली आहे. तिथे ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, आणि तिच्या मैत्रिणी सराव करतात. एक लांबडी, ती नाचते. एक चष्मिष, ती यमकं जुळवते. ग्रुपचं नाव ‘फुल व्हॉल्यूम’. चौथी होती, तिला दुसऱ्या गावात नोकरी लागली, ती गेली. आणि स्पर्धेला चौघीच हव्यात, तिघी चालत नाहीत. पोरी तोंडं पाडून बसलेल्या. मी पँटला बटण लावत होते. भाची म्हणाली, मावशी, तू येतेस? तुला काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं.

आता नुसतं उभं राहणं सगळ्यात अवघड. त्याला पर्सनॅलिटी लागते. पोरीला नजर आहे, माझ्यावर गेली आहे.

ठरवलं. रोज पहाटे उठून आवाज लावायचा. गोड बंद. आणि गिऱ्हाइकांवर ओरडायचं नाही, आवाज स्टेजसाठी राखून ठेवायचा.

४ जानेवारी

पहाटे उठले नाही. थंडीत घसा धरतो, उगाच रिस्क कशाला.

दुपारी ओरडले. शेजारचा औषधाच्या दुकानाचा मालक पँट घेऊन आला, चेन परत तुटली. म्हणाला, ताई, तुमची टेप खोटी आहे. मी म्हटलं, टेप खोटी नाही, माप देताना तुम्ही श्वास आत ओढता आणि पोट पाठीला लावता. घरी गेलं की सोडता. मग चेननं काय करायचं? ती काय धरण आहे? रस्त्यावरचे लोक थांबून ऐकायला लागले.

म्हणजे ओरडणं नव्हतंच ते. सराव होता.

९ जानेवारी

डान्स शिकले. लांबडी म्हणाली, गुडघा इथे, खांदा तिथे. गुडघा गेला, परत यायला तयार होईना. फ्रीज म्हणून एक स्टेप असते, म्हणजे आहे तिथे पुतळा व्हायचं. ती मला पहिल्या झटक्यात जमली. लांबडी म्हणाली, मावशी, परफेक्ट, तुम्ही आख्खं गाणं फ्रीजच करा.

असं कौतुक तिनं बाकी दोघींचं कधी केलेलं नाही.

मला मागच्या ओळीत ठेवलंय. पाठीचा कणा मागेच असतो.

१२ जानेवारी

स्टेजवर टोपणनाव लागतं. भाचीचं काहीतरी इंग्रजी आहे, सापाच्या जातीसारखं. मी ठेवलं एम.एम. मशीन मावशी. आमच्या यांना सांगितलं. हे जेवत होते. म्हणाले, भाजी वाढ.

जळतात.

१८ जानेवारी

जाकीटं शिवायला घेतली. काळी, चांदीची चेन, मागे मोठ्या अक्षरात नाव. पोरींची मापं घेतली, सगळ्या काड्या, कापड उरलं. माझं माप मीच घेतलं. आरशासमोर उभी राहिले, टेप गुंडाळली, जरा ताठ झाले. माप छान आलं. हिप हॉपनं बारीक झाले म्हणायची.

यांनी पाहिलं. म्हणाले, श्वास सोड आणि मग बघ. मी म्हटलं, स्टेजवर माणूस ताठच असतो. ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये.

३० जानेवारी

पहिली फेरी झाली! पास!

हॉल मोठा, दिवे इतके की समोरचं काही दिसेना. म्हणून भीती वाटली नाही, कारण माणसंच दिसली नाहीत. साउंडवाल्यानं सगळ्यांना माईक दिले. माझा चांगला हलका. भाचीचा हातात घेऊन पाहिला, जड. साउंडवाल्याला विचारलं, असं का? तो म्हणाला, मावशी, तुमचा स्पेशल आहे. भला माणूस. सीनियरला ओझं देत नाहीत.

मी सगळ्या गाण्यावर बोलले. त्यांच्या ओळी त्यांनी म्हटल्या, मी मधेमधे हाणा, तोडा, सोडू नका असं म्हणत राहिले. खरं तर ग्रुप मीच ओढला. कोणी म्हणालं नाही की आवाज कर्कश आहे. जन्मात पहिल्यांदा. ताईसुद्धा नाही म्हणाली, आणि लहानपणी मी बाहुलीला अंगाई म्हटली तरी ताई कानात बोटं घालायची.

औषधवाला आला होता. विचारलं, माझा आवाज कसा वाटला? म्हणाला, तुम्ही दिसत मात्र छान होता.

जाकीट थोडं काचलं. दिव्यांच्या उष्णतेनं कापड आटतं.

४ फेब्रुवारी

गोड परत सुरू. यश आलं की तोंड गोड करायचं असतं, नाही केलं तर यश रुसतं.

आता मला माझ्या स्वतःच्या ओळी हव्यात. काल मशीन चालवता चालवता सुचल्या. मशीनचा ठेका धरून म्हणायच्या:

पोट तुझं सुटलं, म्हणे टेप माझी खोटी,
श्वास आत ओढून देतोस मापं छोटी!
दुकानात आत आणि घरी गेला की बाहेर,
शरम माझ्या चेनला, पोट तुझं जाहीर!

पोरींना ऐकवल्या. चष्मिषनं चष्मा काढून पुसला. म्हणाली, मावशी, हे खरंच भारी आहे. मग तिघी बाहेर जाऊन कुजबुजल्या. चष्मिषचा आवाज आला, तिला सांग ना गं, एकदा सांगून टाक. भाची म्हणाली, तू सांग. लांबडी म्हणाली, मी नाही बाई, त्यांच्या हातात कात्री असते.

आत येऊन भाची म्हणाली, ठीक आहे, शेवटच्या चार ओळी तुझ्या.

आयुष्यात मला कोणी बोल म्हटलेलं नाही. पुरे कर म्हणणारेच सगळे. आज एका पोरीनं बोल म्हटलं. या चार ओळी मी आख्ख्या हॉलला ऐकवणार, मग बाकी काही झालं तरी चालेल. रात्री यांना तीनदा म्हणून दाखवल्या. चौथ्यांदा हे कूस बदलून झोपले, पण पाय ठेक्यात हलत होता. मी बघितला.

१९ फेब्रुवारी

सेमीफायनल!!! फायनलला गेलो!!!

माझ्या ओळी आल्या. मी पुढे आले. मोठ्ठा श्वास घेतला, आणि जाकिटाची चेन वरपासून खालपर्यंत फाटकन गेली. पण मी थांबणारी नव्हे. एक हात माईकवर, एक हात जाकिटावर, चारही ओळी ठणकावल्या. हॉल वेडा झाला. लोक खुर्च्यांवरून खाली पडून हसत होते. प्रत्येक शब्दाला टाळी. माझे शब्द एवढे लागतील असं मलाही वाटलं नव्हतं.

परीक्षक म्हणाले, मागच्या ओळीतल्या मॅडमनी पोट सुटण्याचा जो मूकाभिनय केला त्याला तोड नाही.

मूकाभिनय म्हणजे काय, घरी येऊन यांना विचारलं. हे बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. टीव्ही बंद होता.

आधीची चौथी आली होती बघायला. त्या गावातली नोकरी सोडली म्हणे. सगळ्यांना मिठ्या मारत होती, मुलींच्या डोळ्यांत पाणी. मलाही मिठी मारली. म्हणाली, मावशी, तुम्ही माझी जागा राखलीत. बिचारी. आता तिची जागा कुठली? मी तिला म्हटलं, बाळ, मन लहान करू नकोस, कोरसमध्ये बघू.

२० फेब्रुवारी

मूकाभिनय म्हणजे न बोलता केलेला अभिनय. औषधवाल्यानं सांगितलं. त्यानं कारण नसताना मला खोकल्याची गोळीही दिली.

सरळ साउंडवाल्याकडे गेले. माझा माईक उघडायला लावला. आत सेलच नाहीत! रिकामा! म्हणून हलका! मी त्याला असं झाडलं की तो वायरींच्या ढिगामागे गेला. तिथून म्हणाला, मावशी, मला सांगितलं होतं तसं केलं. मी म्हटलं, कोणी सांगितलं? तो म्हणाला, जाऊ द्या ना.

उघड आहे. दुसऱ्या ग्रुपचं काम. घाबरलेत मला.

माईक सरावासाठी घरी नेते म्हटलं. म्हणाला, न्या, तसाही...

भाचीला सांगितलं, कट झालाय, पण घाबरू नकोस, सेल मी घालते. ती लाल झाली. माझ्यावरच्या अन्यायानं पोरीला राग आला. मायेची आहे.

२७ फेब्रुवारी

जाकीट उसवून परत शिवलं. दोन्ही बाजूंनी कापड सोडलं, लांब श्वास घेतला तरी पुरेल एवढं. हे म्हणाले, आता बरोबर. मी म्हटलं, फॅशन बदलली आहे, सैल घालतात.

५ मार्च, दुपार

आज फायनल. संध्याकाळी सहाला. सगळं तयार. फक्त सेल. नव्या सेलवर माझा भरवसा नाही, पाकिटावर लिहिलेलं असतं म्हणून चालतीलच असं नाही. चालणारा सेल डोळ्यांनी दिसला पाहिजे. म्हणून एक घरच्या भिंतीवरच्या घड्याळातला काढला, एक दुकानात आल्या आल्या इथल्या. काटे फिरत होते, म्हणजे सेल खणखणीत. माईक लावून बघितला, लाल दिवा लागला! आता कोण थांबवतं ते बघते.

आज बोलायचं नाही ठरवलंय, आवाज जपायचा. फोन मुका करून बटणांच्या डब्याखाली ठेवला. साडेतीन वाजता दुकानात आले. हे परस्पर हॉलवर जाणार आहेत, कामावरून. मोठा पुठ्ठा घेऊन गेलेत, काय ते सांगितलं नाही.

५ मार्च, दुपार

वेळ भरपूर आहे. घड्याळात साडेतीनच झालेत. एक कोट पुरा करून घेते. हात चालला की डोकं शांत राहतं.

अजून साडेतीनच. आनंदात वेळ जात नाही म्हणतात ते खरं.

ढग आलेत वाटतं, अंधारून आलंय. रस्त्यावरचे दिवे लागले. भर दुपारी दिवे लावतात, लोकांच्या पैशाचं पालिकेला काय! परवा जाऊन सुनावते.

औषधवाला शटर ओढत होता. मला बघून थांबला. म्हणाला, अहो ताई, तुम्ही गेला नाहीत?

५ मार्च, नंतर

धावत गेले. जाकीट घालून, माईक हातात, लाल दिवा चालू. वाटेत सगळे बघत होते.

पोचले तेव्हा टाळ्या चालल्या होत्या. मला वाटलं माझ्यासाठी. स्टेजवर चौघी होत्या. चौथी ती. साध्या शर्टात. माझ्या चार ओळी तिनं म्हटल्या होत्या, असं दारातला माणूस म्हणाला. म्हणाला, काय लिहिलंय हो कोणीतरी, पोट धरून हसलो.

पहिला नंबर.

हे पुढच्या रांगेत बसले होते. पुठ्ठा डोक्यावर धरून. त्यावर लिहिलं होतं, एम.एम. लोक गेले तरी खाली ठेवला नव्हता. मी जाऊन शेजारी बसले. हे म्हणाले, आलीस? मी म्हटलं, आले. म्हणाले, मागचे शिव्या देत होते, दिसत नाही म्हणून. मी म्हटलं, देऊ देत.

फोनवर भाचीचे इतके कॉल होते की मोजले नाहीत.

८ मार्च

भाची आली. रडत होती, मग हसत होती, मग परत रडत होती. म्हणाली, मावशी, माईकचं मीच सांगितलं होतं साउंडवाल्याला, मला माफ कर. मी म्हटलं, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आवाज जपण्यासाठीच केलंस तू. तिनं नाक पुसलं. मग म्हणाली, पण त्या ओळी रेकॉर्ड करायच्यात, सगळीकडे तेच म्हणतायत लोक. लिहिणारी म्हणून तुझं नाव टाकणार. आणि तू आमची मॅनेजर. मॅनेजर म्हणजे सगळ्यांच्या वर.

मी म्हटलं, बोलणार कोण?

ती जमिनीकडे बघून म्हणाली, चौथी.

मग पिशवीतून जाकीट काढलं. मीच त्या दिवशी हॉलवर विसरले होते. म्हणाली, पुढच्या आठवड्यात बक्षिसाचा कार्यक्रम आहे. तिच्या मापाचं करून देशील?

१० मार्च

सेल दोन्ही घड्याळांत परत घातले. चालू झाली. खणखणीत होते, म्हटलंच होतं.

जाकीट केलं. ती काडी आहे, दोन्ही बाजूंनी बरंच आत घ्यावं लागलं. कापलं मात्र नाही. सगळं आत दुमडून कच्चा टाका घातला. उसवलं की परत माझ्या मापाचं. मॅनेजरनं पुढचा विचार करायचा असतो.

दुपारी औषधवाला आला. चेन तुटलेली. माप देताना पोट पाठीला लावलं. मी टेप गुंडाळली, आकडा लिहिला, पँट ठेवून घेतली.

तो जाईना. म्हणाला, ताई, बरं नाही का? आज काही बोलला नाहीत. गोळी देऊ?

मी म्हटलं, नको. आवाज राखून ठेवलाय.