ओणमचं एक वस्त्र कमी

पट्टांबी, ८ ऑगस्ट १९७१

ती. एट्टा यांस,
धाकटी बहीण कार्त्यायनीचा सा. न. वि. वि.

घरी सगळी बरी आहेत. नातू रांगायला लागला आहे आणि दिसेल ती वस्तू तोंडात घालतो. अम्मिणी म्हणते, पोर फार चौकस आहे. मला वाटतं, आईसारखंच हावरट आहे. जावई वेलायुधन इस्पितळातल्या कामावरून आला की त्याला खांद्यावर घेऊन अंगणभर फिरतो, त्यामुळे माझी कंबर वाचली आहे.

यंदा ओणमला घरी या. अम्मिणीचं लग्न झाल्यापासून दोन वर्षं तुम्ही तोंड दाखवलेलं नाही. अंगणातल्या मातीच्या त्रिक्काकरप्पनाला घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने अड्याचा नैवेद्य ठेवायचा आणि आरोळी ठोकायची, ही आपली रीत. हे गेल्यापासून घरात वडीलधारे तुम्हीच. दोन वर्षं अडा मी ठेवते आहे. आरोळीही ठोकून पाहिली, तर शेजाऱ्यांचा कुत्रा उठून निघून गेला. बळीराजा मावेली बिचारा वर्षातून एकदा पाताळातून वर येतो आणि तुम्हाला त्रिश्शूरहून बसमध्ये बसवत नाही.

लोभ पत्रातच न ठेवता घेऊन यावा.
कार्त्यायनी

त्रिश्शूर, १५ ऑगस्ट

चि. कार्त्यायनीस, अ. उ. आ.

मी येणार नाही. कारण समजण्याची कुवत असेल तर वाच.

केळीच्या पानावर तुम्ही जो मातीचा सुळका मांडता, त्याला तांदळाची पिठी फासता, तुंबेची फुलं वाहता, तो मावेली आहे अशी सगळ्या गावाची समजूत. अगं, नावच त्याचं त्रिक्काकरप्पन. त्रिक्काकरेच्या देवळात कोण बसला आहे? वामन! म्हणजे फुलं घालायची राजाच्या स्वागताला आणि दारात मांडायचा त्याला गाडणारा. गावात एकालाही हे खटकत नाही, कारण खटकायला डोकं लागतं.

आणि तो देव तरी कसला! राजा चांगला होता, प्रजा सुखात होती. चोरी नाही, खोटं माप नाही, थोर आणि हलका असा भेद नाही. देवांना ते बघवेना. मग बुटका बटू होऊन आला, तीन पावलं जमीन मागितली. राजाने हो म्हणताच आभाळाएवढा झाला. मागताना एक माप आणि घेताना दुसरं! उभा जन्म शाळा चालवली मी. असली लबाडी करणाऱ्या पोराला दिवसभर बाकावर उभं केलं असतं. तुम्ही त्याला गूळखोबऱ्याचा अडा भरवता. मी त्याच्यापुढे वाकणार नाही.

तरी वडीलकीचं कर्तव्य म्हणून ओणमची नवी वस्त्रं बसने पाठवतो आहे. तुला, अम्मिणीला, तान्ह्याला आणि स्वयंपाकाला येणाऱ्या नाणीला.

अच्युतन

पट्टांबी, २४ ऑगस्ट

ती. एट्टा यांस सा. न.

गाठोडं पोचलं. कापड चांगलं आहे. नाणीसुद्धा सुटली नाही, गाईला तेवढी घंटा पाठवायची राहिली. वेलायुधनचं वस्त्र कुठे आहे? मी गाठोडं दोनदा झटकून पाहिलं.

अम्मिणीने आपलं नेसणं घडी न मोडता पेटीत टाकलं आणि नवऱ्याला सांगितलं की मामांचं गाठोडं अजून आलंच नाही. त्याने बरं म्हणून मान डोलावली. बस थांब्यावरून गाठोडं त्यानेच उचलून आणलं होतं. मला त्या वेळी तुमची इतकी लाज वाटली की मी गोठ्यात जाऊन उभी राहिले.

वामनाचं कपट तुम्हाला साठीला कळलं का, एट्टा? आजवर याच सुळक्यापुढे वाकून तुम्ही अशी आरोळी ठोकायचात की नदीपलीकडची माणसं बाहेर यायची. अम्मिणीने कुंभाराच्या मुलाशी लग्न केलं आणि नेमकं त्याच वर्षी तुम्हाला मावेलीचा कळवळा आला. ज्या राज्यात भेद नव्हता त्या राज्यासाठी गळा काढता आणि भाचीच्या नवऱ्याला चार हात कापड देववत नाही. तुमचं दुखणं वेलायुधन आहे. वामनाला उगाच पुढे करू नका, त्याला त्याची पापं पुरेशी आहेत.

तुमचं पान दरवर्षीप्रमाणे समईजवळ मांडणार आहे. शेजारी जावई असेल. या आणि बसा.

कार्त्यायनी

त्रिश्शूर, २८ ऑगस्ट

चि. कार्त्यायनीस आ.

वकिली पुरे. हो, तेच कारण आहे. झालं समाधान?

त्याचा बाप, तो चामी, दर ओणमला मातीचे देव टोपलीत घेऊन आपल्या फाटकाबाहेर उभा राहायचा. आई त्याला तांदूळ घालायची, तेही फाटकाबाहेरच. त्याच्या मुलाच्या मांडीला मांडी लावून मी जेवू? शाळेत सगळ्यांना एका बाकावर बसवलं, पण ती सरकारची जागा होती. घर हे घर आहे. तुझ्या मुलीने ते विसरायचं ठरवलं आणि तू पायसम ढवळत बसलीस.

माझं पान मांडू नकोस. मांडलंस तर रिकामं राहील आणि गाव तुला हसेल.

अच्युतन

पट्टांबी, ५ सप्टेंबर

ती. एट्टा यांस न.

तिरुवोणम पार पडला. तुमचं पान मांडलं होतं. ते रिकामं राहिलं नाही.

सकाळी चामी देव घेऊन आला. व्याही झाला तरी अजून फाटकाबाहेरच थांबतो. आईने लावलेलं वळण, दुसरं काय! मी किती वेळा बोलावलं, हसतो आणि टोपली पुढे करतो. यंदा मी टोपली घेतली, नातू त्याच्या हातात दिला आणि आत चालती झाले. पोराने भोकाड पसरलं. आईकडे द्यायला म्हणून म्हाताऱ्याला आत यावंच लागलं.

आलाच आहे तर अडाही त्यालाच ठेवायला लावला. घरात वडीलधारा पुरुष तोच होता. आधी कचरला, पण आरोळी अशी ठोकली की नातू दचकून गप्प झाला. मग त्याला तुमच्या पानावर बसवलं. पायसम त्याने तीनदा घेतलं आणि जेवण होईपर्यंत मान वर केली नाही. वेलायुधन बापाशेजारी बसला होता, कमरेला धुतलेलं जुनं मुंडू. म्हणून आम्हीही कुणी नवं नेसलो नाही. तान्ह्यालासुद्धा जुन्याच झबल्यात ठेवलं.

तुमचं गाठोडं परत पाठवते आहे. नाणीचं तेवढं त्यात नाही. तिचं म्हणणं, भांडण तुम्हा बहीणभावांचं आणि मुंडू तिचं. पुढच्या वर्षी तुमचं पान मांडणार नाही. समईजवळची जागा आता चामीची झाली. यायचं असेल तर त्याच्या पलीकडे जागा होईल, पण आधी कळवा.

उरलासुरला लोभ तुमच्यापाशीच असू द्या, लागला तर मागून घेईन.
कार्त्यायनी

त्रिश्शूर, १४ सप्टेंबर
(कार्ड)

चि. कार्त्यायनीस आ.

गाठोडं मिळालं. वडीलधाऱ्याने दिलेलं ओणमचं वस्त्र परत पाठवणारी आपल्या घरात तू पहिलीच. नाणी एकटी शहाणी.

वामनाबद्दल लिहिलेलं एक अक्षरही मी मागे घेत नाही. चामीच्या आरोळीचं कौतुकही मला सांगू नकोस. नदीपलीकडे गेली का ती? नाही ना? त्याला छाती लागते. पुढल्या वर्षी ऐकवीन.

हे कार्ड कापडाच्या दुकानात उभ्याने लिहितो आहे. दुकानदार मघापासून एकच गोष्ट विचारतो आहे आणि इतक्या लोकांत मला ती सांगता आली नाही. वेलायुधन मुंडू एकेरी नेसतो की दुहेरी? उलट टपाली कळव. व्याख्यान नको.

अच्युतन