चौथी निवड आणि माझं अर्धं निरीक्षण

तीर्थरूप मेट्रोमामा,

आधी तुमच्या उजव्या गुडघ्याला नमस्कार, मग तुम्हाला. (हवा बदलली की तुमच्याआधी तोच बोलतो, असं आई म्हणते.) सास्काटूनला बर्फ वितळला का? आमच्याकडे रस्त्यांवरचा गेला, हॉकीच्या रिंकमधला आहे. आई बरी आहे, मी तशी बरी नाही. कारण पुढे येईलच.

परवा तुमचं पत्र आलं. "तुझ्या वहीच्या भरवशावर गुरुवारी समितीपुढे ब्रेडी वोलोशिनचं नाव ठेवतोय," हे वाक्य वाचल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. नव्या खेळाडूंच्या निवडीत आपल्या एल्क्स संघाची पाळी चौथी, गावाचं सगळं वर्ष त्या एका निवडीवर, आणि ती माझ्या वहीवर! मी दोन पत्रांत आपल्या गावच्या कुमार संघातल्या ब्रेडीचे जे गोडवे गायले त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ते अर्धं होतं, हे मला गेल्या रविवारी कळलं.

तुम्हाला माहीतच आहे, दहा वर्षांची होईपर्यंत मी बाबांकडेच शिकले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. भागाकार गोलकीपरच्या सरासरीवरून आणि भूगोल पाहुण्या संघांच्या बसमार्गांवरून. बाबांचा नियम एकच होता: डोळ्यांनी पाहिलं नाही ते वहीत लिहायचं नाही, आणि पाहिलेलं गाळायचं नाही. तो मी आजवर पाळला. रिंकमध्ये पेनातली शाई गोठते म्हणून पेन्सिलीने, हातमोजे घालून, ब्रेडीचा प्रत्येक पास टिपला. (काही पानांवर आकडे आहेत की कोंबडीचे पाय, हे आता मलाही सांगता येत नाही.) अंगावर धावून येणाऱ्या दोघांच्या मधून तो पकची रबरी चकती अशी शांतपणे काढून देतो, जसं कोणी शेजाऱ्याला मीठ देतंय.

घोळ झाला तो बसण्याच्या जागेचा. मी बसते दक्षिणेकडच्या गोलमागे, कारण रिंकमधला एकमेव हीटर तिथे आहे. पहिल्या आणि तिसऱ्या सत्रात आपली मुलं याच बाजूला बचाव करतात. दुसऱ्या सत्रात बाजू बदलते, आपला हल्ला माझ्या नाकासमोर येतो, आणि नेमकी तेव्हाच कॅन्टीनमध्ये बटाटा भरलेल्या पिरोगी तळायची माझी पाळी असते! आईनेच लावलेली. पलीकडच्या टोकाचा हल्ला म्हणाल, तर हीटरमुळे माझ्या चष्म्यावर इतकी वाफ धरते की तिथे हॉकी चाललीय की कुणाचं लग्न, काही कळत नाही. आणि यातलं काही हंगामभरात माझ्या लक्षात आलं नाही. मी, जी किराण्याची यादीही दोनदा तपासते!

रविवारी कॅन्टीनची कढई बिघडली. दुसऱ्या सत्रात मी पहिल्यांदा खुर्चीवर होते, चष्मा पुसून. ब्रेडीकडे पक आला, समोर गोल उघडा, आणि त्याने काय करावं? हाताला चटका बसावा तसा पक मागे ढकलून दिला. एकदा नाही, सहा वेळा. बर्फ साफ करायचं यंत्र चालवणारे लॉर्नकाका शेजारी उभे होते. मी त्यांना विचारलं, आज बरं नाही का त्याला?

"अगं पोरी, तो जन्मापासून असाच आहे! ते पोर गोलवर मारायलाच घाबरतं. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुझ्या हातात वही होती ना. आम्हाला वाटलं, तुलाच काहीतरी जास्त दिसतंय."

त्यानंतर मी एका टोपीभर रडले. (टोपी तुम्हीच विणून घेतलेली, हिरवी.)

तेव्हा सरळ सांगते. सगळ्यांना हवा असलेला हॉथॉर्न गावचा कोल्टन रायमर एक्केचाळीस गोल मारून बसलाय. पण मी सामन्यांची पत्रकं तपासली, त्यातले तेवीस त्याचा संघ तीन गोलांनी पुढे असताना, म्हणजे सामना जिंकल्यातच जमा असताना आलेत. ब्रेडी अर्धाच खेळाडू आहे. पण गेल्या वर्षी सगळ्यात जास्त गोल आपण खाल्ले, तेव्हा आपल्याला तोच अर्धा हवाय, असं माझं अजूनही मत आहे. आता निर्णय तुमचा. माझी वही मात्र समितीपुढे ठेवू नका, निदान कोंबडीच्या पायांची पानं तरी.

तुमची भाची,
लारिसा

ता. क. – बाबांचा नियम आठवून एक राहिलेलं लिहिते. बाहेरगावच्या खेळाडूला घरी ठेवून घ्यायला आईने नाव दिलंय. रायमर आला तर माझी खोली त्याला, आणि मी तळघरात, आंबवलेल्या कोबीच्या पिंपाशेजारी. ब्रेडीचं घर आमच्यापासून चार दारांवर आहे. माझ्या मतावर याचा परिणाम झालेला नाही, असं मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

ता. ता. क. – आईने पत्र वाचलं. ती म्हणते, ब्रेडीला घेतलं तर घरात पाहुणा नसेल, मग माझ्या खोलीमागच्या बैठकीतला कोच तुम्हाला, हंगामभर, प्रत्येक घरच्या सामन्याला. भावाने मोटेलात राहावं हे तिला बघवत नाही. मामा, तुमच्यावर माझा जीव आहे. पण गेल्या नाताळात तुमच्या घोरण्याने भिंतीवरचं घड्याळ पडलं होतं, आणि माझ्या खोलीच्या मागची भिंत तळघराच्या भिंतीपेक्षा पातळ आहे. पत्रकं पुन्हा नीट पाहिली. रायमरचे ते तेवीस गोल म्हणजे काही कमी नव्हेत.