आमचं बोलणं कोण ऐकतं

३ मार्च
मुलीनं आईच्या वाढदिवसाला बोलका डबा पाठवला. विचारलं की उत्तर देतो. म्हणजे दिवसभर कान टवकारून बसतो! अठ्ठावीस वर्षं ऑफिसच्या गोपनीय शाखेत टायपिंग केलं, एक अक्षर फुटू दिलं नाही. आता स्वयंपाकघरातून फुटणार? निश्चय : घरात अवाक्षर काढायचं नाही.

४ मार्च
बायकोशी व्यवहार चिठ्ठीवर सुरू. पहिली चिठ्ठी : चहा. हिनं वाचली, आधण ठेवलं आणि बाहेर ऊन किती आहे ते डब्याला विचारलं. मी खिडकीतच उभा होतो.

११ मार्च
ही म्हणाली, तुमची कसली डोंबलाची गुपितं? वर्षभरात बोललात काय, तर मोजे कुठेत. मी लिहिलं : सुरुवात मोज्यांपासूनच होते.

२ एप्रिल, सकाळी ११
डब्यावर टोपली पालथी घातली. हिनं काढली. घातली. काढली. सध्या टोपलीत कांदे.

१९ एप्रिल
कंपनीला कडक अर्ज : आमच्या घरातलं जे जे ऐकलंत, ते सादर करा. आता त्यांची पळता भुई थोडी!

६ मे
फाइल आली. चारशे बारा रेकॉर्डिंग! ही बाजारात गेल्यावर ऐकली. माझी दोन. एक शिंक, दुसरं, 'आवाज कमी कर.' बाकी सगळी हिची. रोजचं गुड मॉर्निंग. गुडघा दुखतो, काय लावू? (गुडघा दुखतो? मला कल्पना नाही.) तेवीस एप्रिलला : नवरा घरात असून बोलत नाही, काय करावं? डबा म्हणाला, माफ करा, मला समजलं नाही. ही म्हणाली, मलाही नाही रे.
पुढचं ऐकलं नाही.

७ मे
निश्चय : आजपासून बोलायचं. विषयांची यादी केली. १) गुडघा. २) सुचल्यावर लिहिणे. संध्याकाळी गेलो, तर ही डब्याशी बोलत होती. मध्येच तोंड घालणं बरं दिसत नाही. उद्या.

१० मे
उद्या नक्की.

१४ मे
ही मुलीकडे गेली. किती दिवस, ते विचारणार होतो. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. डबा पिशवीत, टॉवेलात गुंडाळून नेला.

२१ मे, दुपारी ४
धीर करून फोन लावला. मुलीनं हिच्याकडे दिला. ही हॅलो म्हणाली. पुन्हा म्हणाली, बोला ना.
ठेवून दिला. असल्या गोष्टी फोनवर बोलू नयेत. कोण ऐकत असेल, सांगता येत नाही.