कडीकुलूप

ता. ६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू दिलेला डबा बसमधल्या शेजाऱ्याने नुसत्या वासावर अर्धा संपवला. इथे येऊन टेकतो न टेकतो तोच एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, म्हणून अंघोळीआधीच पान्यांची पिशवी उचलून पळालो. आत एक वकीलबाई होत्या. त्या बाहेर आल्यावर आधी माझ्यावर ओरडल्या आणि मग आभार मानून गेल्या. पत्र लिहायचं कारण इतकंच, की फोन केला तर बाबा स्पीकर लावतात, आणि हे त्यांच्या कानावर जायला नको.

ताई, रविवारी मी एक घाणेरडी गोष्ट केली. तू खाली दुकानात होतीस. मी व्हिडिओवर बुद्धिबळ शिकतोय हे तुला ठाऊक आहे. लिफ्टच्या मशीन रूमबाहेर चाव्या घेऊन कोणी येईपर्यंत ताटकळत बसावं लागतं, तेवढ्यात एखादा धडा होतो. मास्तर झकास शिकवतो, फक्त स्वतःच्या विनोदांना स्वतःच आधी हसतो. तर एका धड्यात पाहतो काय, आपल्या बाबांचं कडीकुलूप! तेच, जे स्वतःचा शोध म्हणून बाबा सगळ्या वाचनालयाला सांगतात. राजापुढचं प्यादं दोन घरं, वजिरापुढचं एकच, मग घोडा बाहेर, आणि म्हणे आता दार बंद. मास्तर म्हणाला, की हा बचाव फार जुना आहे, आणि बाबा काढतात तसा घोडा घाईने काढला तर त्यात मोठं भोक राहतं. पांढऱ्याचा घोडा नेमका तिथून आत घुसतो.

रविवारी बाबा नेहमीसारखे पट मांडून आईची वाट पाहत होते. मी म्हटलं, आज माझ्याशी. घोडा घुसवला आणि चहा उकळायच्या आत बाबांचा राजा उघडा पाडला. एवढ्यावर गप्प बसलो असतो तर तुझा भाऊ कसला! मास्तरचा विनोद मोठ्याने ऐकवला. कोपऱ्यातल्या हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवलं की भोक बुजतं, हे शेंबड्या पोरालाही दिसतं; ज्याला वर्षानुवर्षं दिसत नाही तो एक तर आंधळा, नाही तर मुद्दाम हरतोय.

बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनासुद्धा झालेला नाही. आंधळा हा शब्द तोंडातून निघून गेल्यावर मला ते आठवलं. बाबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. आईने आम्हा दोघांना चहा दिला आणि स्वतःचा न घेताच आत गेली. निघताना पाया पडलो तेव्हा बाबा फक्त सांभाळून जा म्हणाले. जिंकल्याचं काडीइतकं सुख नाही. ते कसे आहेत ते बघ आणि कळव. चिडली असशील तर चिडून लिही, पण लिही.

तुझ्या मायेवरच तगून असलेला,
ठोंब्या

ता. १२ जून

चि. ठोंब्यास,
अ. आ.

चिडले आहेच. ऑपरेशननंतर बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायला मी दिवसातून चार-चारदा जिना चढले, तेव्हा साहेबांचा पत्ता नव्हता. आले ते बापाला आंधळा म्हणायला आले. तुझ्या जिभेला काही हाड?

ऐक, काय चाललंय ते. संध्याकाळ झाली की बाबा पट मांडतात. सगळ्या सोंगट्या नीट लावतात, खुर्ची ओढून बसतात, जराशाने एकेक उचलून पुन्हा डब्यात भरतात. वाचनालयात जाणं बंद. परवा त्यांच्या विजेच्या मीटर खात्यातले जुने मित्र बोलवायला आले तर डोळा दुखतो म्हणून परत पाठवलं. डॉक्टर तर डोळा उत्तम आहे म्हणतात. मी बाबांना म्हटलं, त्या गाढवाचं काय मनावर घेता? तर म्हणाले, त्याची काही चूक नाही. यापेक्षा त्यांनी तुला चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आईचं ठीक आहे. ती आजकाल संध्याकाळी माझ्याकडे दुकानात येऊन बसते, पँटच्या पायांच्या दुमडी उसवून देते. मला मदतच होते. मी तिला म्हटलं, तू तरी वर जाऊन त्यांच्याशी एक डाव खेळ, जरा रमतील. तर म्हणाली, मला आता खेळायचं नाही. तिला तरी काय त्या खेळाचं, बाबांच्या समाधानासाठी बसायची एवढंच. अधूनमधून जिंकायची तेव्हा मात्र स्वारी अशी तोऱ्यात जिना उतरायची, की आपल्याला हसू यायचं. आठवतं ना?

तेव्हा आता तूच काहीतरी कर. बाबांना पत्र लिही. माफी माग, गोड बोल, काय वाटेल ते कर, पण त्यांना पुन्हा पटावर बसव. मला त्यांचा तो रिकामा डाव बघवत नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

ता. १७ जून

तीर्थरूप बाबांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

त्या दिवशी मी जे बोललो त्याबद्दल मला क्षमा करा. मी मूर्ख आहे, हे आपल्याला माझ्या दहावीच्या निकालापासून माहीत आहेच.

एक आनंदाची बातमी कळवायची आहे. काल त्याच मास्तरने नवा धडा टाकला आणि त्यात मागचे शब्द चक्क मागे घेतले. म्हणाला, की हत्तीपुढचं प्यादं सरकवण्यात काही अर्थ नाही, उलट डाव आणखी बिघडतो. आहे तसंच खेळणं बरोबर. घोडा आत येतो तो येतो, त्याला इलाज नाही, आणि भल्याभल्या खेळाडूंना तो इलाज सापडलेला नाही. म्हणजे आपलं कडीकुलूप होतं तसंच योग्य होतं. चुकलो मी.

डोळ्यांना जपावे. संध्याकाळी पुन्हा खेळायला बसता असं ताईच्या पत्रातून कळलं की माझ्या जिवात जीव येईल.

आपला आज्ञाधारक (यापुढे तरी)

ता. २३ जून

चि. ठोंब्यास,
अ. आ.

तुझ्या पत्राने कमाल केली, आणि पुढे घोटाळाही केला. बाबांनी ते वाचलं, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली दुकानात ऐकू आला. आईला समोर बसवून त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. प्यादं सरकवण्यात अर्थ नाही, हे वाक्य तर दोनदा. मला वाटलं, चला, मानी माणसाचा मान परत आला.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग खाली येऊन मला म्हणाली, की तो नवा धडा मला फोनवर लावून दे. मी शोध शोध शोधला. ठोंब्या, असा धडा नाहीच! मास्तरने गेल्या महिन्याभरात या बचावावर चकार शब्द काढलेला नाही. मी आईला म्हटलं, काढून टाकला असेल. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी मुकाट्याने मशीनला दोरा ओवायला लागले. मग ती जुना धडा बघत बसली, तुझा तो आंधळा-मुद्दामवाला. पुन्हा पुन्हा तोच. दुकान बंद करेपर्यंत उठली नाही. मी म्हटलं, बाबांसाठी एवढा जीव कशाला आटवतेस? त्यावर तिने फक्त तुझा नवा पत्ता लिहून घेतला.

खोटं बोलायचं तर जरा पुढचं-मागचं बघून तरी बोलावं. आता बाबांना कळलं की मुलाने खोटं समाधान केलं, तर त्यांना काय वाटेल याचा विचार केलास? मी तुला काय वाटेल ते कर म्हटलं होतं, म्हणून मलाही आता रुखरुख लागली आहे. आणि आता तर बाबांनी पटही कपाटात ठेवून दिला आहे.

तुझ्याबरोबर फसलेली,
ताई

ता. २८ जून

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. घरी सगळ्यांची तब्येत ठीक आहे. यांचा डोळा छान दिसायला लागला आहे, आता माझ्या साडीवरचे डागही दाखवतात.

तुझं यांना आलेलं पत्र मी ऐकलं. त्यात तू माफी मागितलीस. ताई म्हणते, तिच्यापाशीही मन मोकळं केलंस. चांगलं केलंस. पण बाळा, बाबा का खेळत नाहीत, याच्या मागे तुम्ही दोघं हात धुऊन लागलात. ते रोज पट मांडून बसत होते. खेळायला जात नव्हते ती मी.

तू जिंकलास त्या दिवशी आंधळा या शब्दाने तुम्ही बापलेक कावरेबावरे झालात. मला दुसरा शब्द लागला, मुद्दाम. तो घोडा माझा आहे रे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला ती जागा सापडली. कोणी दाखवली नव्हती. इस्पितळाच्या धुलाई खात्यात चादरी मोजता मोजता डोक्यात डाव मांडायचे, आणि तिथेच एकदा ती दिसली. यांना म्हटलं नाही, सरळ जाऊन खेळले आणि जिंकले. दुसऱ्या दिवशी सगळ्या खात्याला सांगितलं. मग दर वेळी सांगायचे. बायका म्हणायच्या, आल्या विजयी वीर. हे वाचनालयात कोणाकडून हरत नाहीत आणि माझ्याकडून हरतात, याचा मला किती गर्व होता ते कोणाला कळलं नाही, बरंच झालं.

तू हत्तीपुढच्या प्याद्याचं बोललास आणि मी यांच्या तोंडाकडे पाहिलं. चष्मा पुसत होते. यांना माहीत होतं. त्या रात्री मी विचारलं तर म्हणाले, लक्षातच आलं नाही कधी. वाचनालयात हेच कडीकुलूप खेळताना ते प्यादं हे दर वेळी सरकवतात, असं मला परवा यांच्या मित्रांनीच सांगितलं. फक्त घरात विसरायचे. आता सांग, इतक्या वर्षांत जिंकले त्यातलं माझं किती? मी ते शोधत बसले आहे आणि काही हाती लागत नाही. यांनी प्रेमाने केलं, मला कळतं. तरी फार लाजल्यासारखं झालं. आणि प्यादं सरकवू नका असं पत्र लिहून तूही तेच केलंस. मला काय हवंय हे न विचारताच मला जिंकवून टाकलंस.

यांचा चेहरा मात्र पाहवत नव्हता. माझ्या मागे मागे फिरायचे, भांडी विसळायचे, भांड्यांचा आवाज माझ्यापेक्षा जास्त करायचे. म्हणून काल मीच पट काढला. म्हटलं, आधी ते प्यादं सरकवा, मग बसते. त्यांनी सरकवलं. मी हरले. दुसरा डावही हरले, आणि तिसऱ्यात तर वजीरच फुकट घालवला. हे प्रत्येक शह देताना माफी मागत होते. शेवटी मी ओरडले, की माफी नको, शह नीट द्या. वाईट वाटलं का म्हणशील, तर वाटलं. जेवणही धड गेलं नाही. आज पुन्हा बसणार आहे.

तू आता मनाला लावून घेऊन कुढत बसू नकोस. लिफ्टचं काम आहे, लक्ष ठिकाणावर ठेव. ताईलाही यातलं काही बोलू नकोस, तिला वाटेल तिचंच चुकलं. एक काम मात्र कर. प्यादं सरकवल्यावर पांढऱ्याने काय खेळावं, याचा धडा तुझ्या मास्तरने घेतला आहे का ते बघ. घेतला असला तरी उत्तर मला कळवू नकोस. कुठला धडा आहे तेवढंच कळव. बाकीचं माझं मी बघेन.

सुट्टी मिळाली की ये. माझ्याशी खेळशील तेव्हा मला हरवता येत असेल तर हरव.

तुझी,
आई