हेरंबची टाकी

ती. नलूमावशीस,

लालबागहून उन्मेषचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? दादरच्या घराचे जिने उगाच चढू नकोस. भाजी हेरंबला आणायला सांग. (तुझ्या लाडक्या लेकाला आमच्या इमारतीत येऊन हुशारी दाखवायला वेळ असतो, तर मेथीची जुडीही आणेल.)

आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप वॉचमन रामू चालवतो. गच्चीवरची टाकी बघून खाली यायला त्याला सात मिनिटं लागतात (लिफ्ट बंद). म्हणजे आत्ता पंपाचं काय करायचं हे सात मिनिटांपूर्वीच्या पाण्यावर ठरतं. अशी उशिराची समीकरणं कॉम्प्युटरवर पायरीपायरीने सोडवणं हाच माझ्या पीएचडीचा विषय. सहा वर्षं चाललेला, या पंधरा तारखेला शेवटची मुदत असलेला आणि तिसऱ्या प्रकरणात रुतलेला. (हेरंबने त्याच विषयात तीन वर्षांत डॉक्टरेट मिळवली. माहीत आहे. तुझे पेढे खाल्ले होते.) सोसायटीने वेळापत्रक मागितलं तेव्हा माझी कॉलर ताठ झाली. या गणितात सुरुवातीच्या आधी काय घडलं तेही द्यावं लागतं. मी पुस्तकात देतात तसं दिलं: काही घडलं नाही, टाकी भरलेली, पाणी स्थिर. सकाळी साडेपाचला, लालबागमध्ये! तोवर अख्ख्या इमारतीने पिंपं भरून टाकी अर्धी केलेली. माझ्या वेळापत्रकाने पंप लवकर बंद झाला आणि आमचे सेक्रेटरी हर्षवर्धनकाका अंगभर साबण लावून कोरड्या नळाखाली उभे राहिले.

मग तुझा हेरंब चहाला आला. त्याने पुस्तक उघडलंच नाही. तळमजल्यावरच्या राधाबाईंना विचारलं, कोण कधी पिंप लावतं? त्यांनी मजलावार सांगितलं. त्याने माझ्या प्रोग्रॅममधली, सुरुवातीच्या आधी काय घडलं ती, एक ओळ बदलली. एक! आता पाणी येतं आणि राधाबाई त्याला 'आमचो डॉक्टर' म्हणतात. मला अजून 'उन्मेष, मेल्या' म्हणतात. मावशी, मी जळतो गं. लहानपणापासून जळतो.

तुझा,
उन्मेष

ता.क. रविवारी सोसायटी त्याला शाल-श्रीफळ देणार आहे. परिचयाचं भाषण मला करायचंय. त्या दिवशी तुझे गुडघे जास्त दुखले आणि तो घरीच राहिला, तर माझी हरकत नाही.

ता.ता.क. नको, पाठव त्याला. आणि वाचून झालं की हे पत्र त्याच्या टेबलावर उलटं ठेव. मागच्या बाजूला तिसऱ्या प्रकरणातलं अडलेलं समीकरण लिहिलंय. समीकरण दिसलं की तो सोडवायलाच बसतो, पान उलटून बघत नाही.